‘टेन्शन आलं म्हणून’ : ताण आणि व्यसन यांचे नाते आठवी ते दहावीच्या मुलांना कसे शिकवावे

आपल्या शाळांमधील व्यसनविरोधी शिक्षण बहुधा दिनविशेषांच्या आधाराने चालते. जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत येतो आणि अमली पदार्थविरोधी दिन २६ जून रोजी, म्हणजे वह्यापुस्तकांना अजून कव्हरेही घालून झालेली नसतात तेव्हा येतो. त्या दिवशी प्रभातफेरी निघते, शपथ होते, ‘व्यसन : एक शाप’ या विषयावर निबंध लिहून घेतला जातो आणि विषय वर्षभरासाठी मिटतो. मुलांवर खरा ताण असतो तो सहामाहीच्या निकालानंतर आणि पूर्वपरीक्षेच्या आधी. त्या काळात मात्र या विषयावर कोणी अवाक्षर काढत नाही. म्हणून पहिली सूचना वेळापत्रकाविषयीच आहे. हे तास दिवाळीच्या सुट्टीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घ्यावेत आणि ते सलग एका दिवसात न घेता आठवड्याच्या अंतराने तीन तास असे विभागावेत.

दुसरी गोष्ट शिक्षकाने स्वतःच्या मनाशी स्पष्ट करून घ्यायची आहे. मुले वर्गात येतात ती कोऱ्या पाटीने येत नाहीत. ‘टेन्शन आलं म्हणून घेतली’ हे वाक्य त्यांनी घरी, कट्ट्यावर आणि पडद्यावर अनेकदा ऐकलेले असते. आजी डोके दुखते म्हणून मिश्री लावते, काका शेताचा हिशेब जुळेना म्हणून संध्याकाळी ‘बसतात’, बारावीतला दादा रात्री जागायचे म्हणून टपरीवर जातो. नशा केल्याने ताण उतरतो, हा धडा मुलांना आपल्याआधीच कोणीतरी शिकवून ठेवलेला असतो, आणि आपले काम तो धडा तपासून पाहायला लावण्याचे आहे. सडलेल्या जबड्याचे चित्र दाखवून हे काम होत नाही, कारण कर्करोग पुढच्या वीस वर्षांतली गोष्ट आहे आणि गणिताचा पेपर परवा आहे. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला ‘डेअर’ हा कार्यक्रम या बाबतीत बोलका आहे : गणवेशातील पोलीस वर्गात येऊन अमली पदार्थांचे धोके सांगत असत, कार्यक्रम देशभर पसरला, परंतु त्याच्या त्या मूळ स्वरूपाची जेव्हा पद्धतशीर तपासणी झाली तेव्हा मुलांच्या प्रत्यक्ष वागण्यावर त्याचा टिकाऊ परिणाम आढळला नाही.

शिकवताना दोन टोकाच्या चुका संभवतात. ताणामुळे व्यसन लागते असे सरळ सांगितले, तर ज्या मुलाला ताण आहे त्याला आपण नकळत सबब पुरवतो. उलट, व्यसनाने ताण मुळीच कमी होत नाही असे ठासून सांगितले, तर ज्याने एकदा चव घेतली आहे तो मनात म्हणतो की सरांना काही ठाऊक नाही, आणि तिथून पुढे तो आपले काहीच ऐकत नाही. खरी गोष्ट या दोहोंच्या मधली आहे. आराम मिळतो, परंतु तो थोडा वेळ टिकतो आणि सावकाराच्या कर्जाप्रमाणे व्याजासह फेडावा लागतो. तिन्ही तासांचा रोख या एका मुद्द्यावर ठेवावा.

पहिला तास : व्यसनाचे नावही न काढता

पहिल्या तासाला फक्त ताणाविषयी बोलावे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक कोरी चिठ्ठी द्यावी आणि गेल्या पंधरा दिवसांत ज्या गोष्टीने झोप लागली नाही, जेवण गेले नाही किंवा विनाकारण चिडचीड झाली, ती गोष्ट नाव न घालता लिहायला सांगावी. सर्वांनी एकाच रंगाचे पेन वापरावे आणि चिठ्ठ्या डब्यात टाकाव्यात. अक्षर ओळखण्याचा मोह शिक्षकाने टाळावा. चिठ्ठ्या तिथल्या तिथे मोठ्याने वाचू नयेत. शिक्षकाने त्या घरी नेऊन वाचाव्यात, ज्यातून मूल ओळखू येईल अशी वाक्ये बाजूला काढावीत आणि उरलेल्यांतील विषय पुढच्या तासाला फळ्यावर मांडावेत. कमी गुण, मित्रांच्या ग्रुपमधून काढून टाकणे, रंगावरून किंवा उंचीवरून चिडवणे, चुलत भावाशी होणारी तुलना, एकतर्फी प्रेम, घरातले भांडण, फी थकणे ही यादी साधारण कुठल्याही शाळेत निघेल. बीड जिल्ह्यातील किंवा अहिल्यानगरच्या पाथर्डी भागातील शाळेत तिच्यात आणखी एक गोष्ट असेल : आईवडील ऊसतोडीला गेले की वसंत ऋतू लागेपर्यंत मागे राहिलेल्या मुलांनी आजीआजोबांसोबत काढायचे चार-पाच महिने. लातूरला नीटच्या तयारीसाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुलाचा ताण याहून निराळा असतो. ज्या शाळेत शिकवायचे त्या शाळेतली यादी वापरावी, पुस्तकातली नव्हे.

एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. एखाद्या चिठ्ठीत लैंगिक अत्याचाराचा उल्लेख आला, तर तो ‘गोपनीय’ म्हणून कपाटात ठेवता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार तो बालपोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणून तासाच्या सुरुवातीलाच मुलांना प्रामाणिकपणे सांगावे की चिठ्ठ्यांची चर्चा बाहेर होणार नाही, मात्र कोणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असल्याचे दिसले तर मदत बोलवावी लागेल.

त्यानंतर ताणाचे शरीरशास्त्र थोडक्यात सांगावे. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाकडून मज्जातंतूंमार्फत थेट आणि पिट्युटरी ग्रंथीमार्फतही मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप जातो, रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, छाती धडधडते, हातांना घाम येतो, पोटात गोळा येतो. ही यंत्रणा शत्रू नाही. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकी संशोधकांनी १९०८ सालीच उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले होते की माफक उत्तेजना शिकण्याला मदत करते आणि ती फार वाढली की अवघड काम बिघडते. मुलांना यातला दिलासा देणारा भाग जास्त वेळ घेऊन समजावावा : ताणाची शारीरिक लाट चढते तशी उतरतेही, आणि ती उतरवण्याची सोय शरीरात आधीच आहे. जो ताण महिनोन्‌महिने उतरतच नाही, तो मात्र झोप, भूक आणि स्मरणशक्ती पोखरतो, आणि त्याला मोठ्या माणसांची मदत लागते.

दुसरा तास : फळ्यावरचा आलेख

हा तास सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याची तयारी नीट करावी. उदाहरणासाठी फक्त तंबाखू आणि दारू घ्यावी, कारण ती मुलांनी पाहिलेली असतात. वर्गाला माहीत नसलेल्या पदार्थांची नावे, त्यांचे प्रकार किंवा ते घेण्याच्या पद्धती सांगत बसू नये. त्यातून सावधपणापेक्षा कुतूहलच वाढते. तंबाखूचेही सर्व स्थानिक अवतार मुलांच्याच तोंडून काढून घ्यावेत, कारण विदर्भातल्या मुलाला खर्रा आणि नगरकडच्या मुलाला मावा हे ‘व्यसन’ वाटतच नाही, ते सुपारीच्या जातीतले काहीतरी वाटते. १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे ८.५ टक्के मुलेमुली कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचे दिसले होते. हा आकडा सांगताना त्याची उलट बाजू अधिक ठळकपणे सांगावी, ती म्हणजे शंभरातील नव्वदहून अधिक मुले तंबाखू घेत नाहीत. ‘सगळेच घेतात’ हा समज या वयात फार काम करतो आणि तो खोटा आहे.

आता फळ्यावर आडवी रेषा काढून तिच्यावर सकाळी दहा ते दुपारी चार असे तास मांडावेत आणि उभ्या रेषेवर अस्वस्थता दाखवावी. ‘अ’ हा विद्यार्थी तंबाखू घेत नाही, ‘ब’ हा वर्षभरापासून रोज घेतो. बोर्डाचा पेपर अकरा वाजता आहे आणि दोघांनाही सारखीच धास्ती वाटते. साडेदहाला ‘ब’ने सिगारेट ओढली, तर धुरातले निकोटीन काही सेकंदांत त्याच्या मेंदूत पोचते, तेथे डोपामिन हे सुखाची जाणीव देणारे रसायन सुटते आणि त्याला हायसे वाटते. येथे वर्गाला खुशाल मान्य करू द्यावे की या क्षणी ‘ब’ची रेषा खाली आली आहे. मग सांगावे की रक्तातले निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, आणि विचारावे की साडेबारा वाजता, पेपर अर्ध्यावर असताना, ‘ब’ला काय होत असेल? चुळबूळ, चिडचीड, लक्ष न लागणे ही उत्तरे मुले स्वतः देतात. ‘ब’ची रेषा चढू लागते आणि ‘अ’ची रेषा, प्रश्नपत्रिका हाती पडून दहा मिनिटे झाली की, उतरू लागते. दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात तो बिंदू रंगीत खडूने गोल करून ठेवावा.

पेपर सुटल्यावर ‘ब’ धावत टपरीवर जातो आणि पुन्हा हायसे वाटते. येथे कळीचा प्रश्न विचारावा : त्याचा कोणता ताण गेला? पेपरचा ताण तर पेपर संपल्याने गेलेला आहे. त्याने जो शांत केला तो तंबाखू न मिळाल्याचा ताण, जो ‘अ’ला कधी नव्हताच. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू पॅरट यांनी १९९९ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेताना हेच दाखवले होते की किशोरवयीन मुलांची धूम्रपानाची सवय जसजशी पक्की होते तसतसा त्यांना जाणवणारा ताण वाढतो आणि सोडणाऱ्यांचा ताण कालांतराने कमी होतो. हा निष्कर्ष शिक्षकाने आधी सांगून टाकू नये. मुलांनी आलेखावरून तो स्वतः काढल्यावर मग पाठिंबा म्हणून सांगावा. मुलांनी स्वतः काढलेले उत्तर त्यांच्या जास्त लक्षात राहते.

दारूचा आलेख याच पद्धतीने, पण रात्रभराचा काढता येतो. मद्य मेंदूची क्रिया मंदावते, म्हणून पहिल्या तासाभरात चिंता बोथट होते आणि झोपही लवकर येते. परंतु रात्रीच्या उत्तरार्धात तीच झोप तुटक होते आणि सकाळी मेंदू नेहमीपेक्षा जास्त धास्तावलेला असतो. काळजीचे कारण जागेवरच असते, शिवाय त्यात थकवा आणि पश्चात्ताप यांची भर पडते. गांजाविषयी मुलांनीच प्रश्न विचारला तर टाळाटाळ न करता सांगावे की काहींना त्याने सैलावल्यासारखे वाटते, काहींना उलट तीव्र भीती आणि संशय घेरतो, आणि कोवळ्या वयात व वारंवार घेतल्यास गंभीर मनोविकाराचा धोका वाढतो.

शिक्षकाला आणखी एक गोष्ट माहीत असावी, भले ती वर्गात बोलायची नसली तरी. व्हाइटनर, सोल्युशन यांसारखे हुंगण्याचे पदार्थ हा मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये अधिक दिसणारा प्रकार आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालात १० ते १७ वयोगटातील प्रमाण १.१७ टक्के आणि प्रौढांतील प्रमाण ०.५८ टक्के असे नोंदवलेले आहे. या पदार्थांनी पहिल्याच वेळी हृदयक्रिया बंद पडू शकते. कपड्यांना सतत येणारा रसायनाचा वास, तोंडाभोवतीचे पुरळ, दप्तरात वास येणारी फडकी दिसल्यास वाट पाहत न बसता लगेच मदत मिळवावी.

या तासात भाषेचे भान विशेष ठेवावे लागते, कारण ज्या वर्गासमोर आपण उभे आहोत त्यातल्या कोणाचे तरी वडील दारू पितात, हे गृहीत धरायलाच हवे. ‘बेवडा’, ‘गर्दुल्ला’ असे शब्द शिक्षकाच्या तोंडी येता कामा नयेत. व्यसनाधीनता हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि आजाऱ्याला दोष देऊन तो बरा होत नाही, या भूमिकेवर डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. वर्गातही तीच भूमिका ठेवावी आणि एक वाक्य न विसरता उच्चारावे : घरातले कोणी पीत असेल तर त्याचे कारण मूल नाही, आणि ते सोडवण्याची जबाबदारीही मुलाची नाही. पुष्कळ मुले हे ओझे कोणाला न सांगता वाहत असतात.

तिसरा तास : मग करायचे काय

‘नाही म्हणा’ एवढे सांगून हा तास संपवला, तर आधीचे दोन तास वाया गेले असे समजावे. ताण खरा आहे हे एकदा मान्य केल्यावर तो उतरवण्याचे मार्ग हातात दिलेच पाहिजेत, आणि ते करून पाहायला लावले पाहिजेत. सर्वांत सोपा मार्ग श्वासाचा : चार अंक मोजत श्वास घ्यायचा आणि सहा अंक मोजत सोडायचा, असे तीन-चार मिनिटे. सोडण्याचा काळ लांबवला की हृदयाची गती मंदावते, हे मुलांना मनगटावरची नाडी आधी व नंतर मोजून पडताळता येते. नाडी मोजताना वर्गात हसाहशी होईल, ती होऊ द्यावी.

मग चिठ्ठ्यांमधली यादी परत फळ्यावर आणावी आणि प्रत्येक गोष्टीपुढे मुलांना विचारावे की यात आपल्या हातात किती आहे. गणित कच्चे असणे बऱ्यापैकी आपल्या हातात आहे. वडिलांची नोकरी जाणे नाही. जे हातात आहे त्यासाठी कामाचे लहान तुकडे पाडायचे, आणि जे नाही त्यासाठी ते कोणाशी बोलायचे हे ठरवायचे. प्रत्येकाने ज्याच्याशी बोलता येईल अशा दोन मोठ्या माणसांची नावे वहीच्या मागच्या पानावर लिहावीत. ज्याला एकही नाव सुचत नाही, तो विद्यार्थी शिक्षकाने लक्षात ठेवावा.

नकाराचा सराव खोटा वाटू नये म्हणून संवाद मुलांनाच लिहू द्यावेत. ‘चल रे, एकदा घेऊन बघ, सगळं टेन्शन जाईल’ याला ‘तंबाखू आरोग्यास हानिकारक आहे’ असे उत्तर कोणताही मुलगा देत नाही. ‘नको, उद्या मॅच आहे’, ‘मला नाही सोसत’, ‘तू घे, मी भेळ सांगतो’ अशी आखूड, इज्जत राखणारी उत्तरे कामाची असतात. पुरवणाऱ्याविषयी कायदाही येथेच सांगावा. अठरा वर्षांखालील व्यक्तीला आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे, आणि मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पालकांशी बोलणे

पालकसभेत लांब भाषण करू नये. दोनच गोष्टी सांगाव्यात. पहिली, मुलाला तंबाखूची पुडी आणायला टपरीवर पाठवू नये. दुसरी गोष्ट मात्र वेळ घेऊन सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे ‘दहावीचे वर्ष’ लागले की मुलाचे क्रिकेट, तबला, कबड्डीचा संघ, सायकलवरून भटकणे हे सर्व बंद केले जाते. याचा अर्थ असा होतो की ज्या वर्षी ताण सर्वाधिक, त्याच वर्षी तो उतरवण्याचे सर्व निर्धोक मार्ग आपण स्वतः बंद करतो, आणि मग मोकळी राहते ती एकच वाट, जी क्लासच्या मागच्या टपरीकडे जाते. आइसलँडने नेमके याच्या उलट केले. तेथे १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात दारूची झिंग येईपर्यंत मद्यपान केल्याचे सांगितले होते. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. मधल्या काळात सरकारने खेळ, संगीत आणि नृत्यावर पैसा खर्च केला, पालकांना मुलांसोबत अधिक वेळ घालवण्याचा आग्रह धरला आणि रात्री उशिरा मुलांनी एकट्याने बाहेर फिरण्यावर निर्बंध आणले. आपल्या गावात तेवढा निधी येणार नाही हे खरे, परंतु रोज पाऊण तास मैदान आणि आठ तास झोप यांना निधी लागत नाही. निकालाच्या दिवशी घरात उच्चारले जाणारे पहिले वाक्य कोणते असेल, हे पालकांनी आधीच ठरवून ठेवावे, असेही जरूर सुचवावे.

एखादे मूल जवळ येऊन बोलले तर

या तासांनंतर कोणीतरी येऊन सांगेल की तो घेतो, किंवा तिचा भाऊ घेतो. त्या वेळी प्रथम ऐकावे, ‘कधीपासून’ आणि ‘कोणी दिली’ या उलटतपासणीने सुरुवात करू नये. ‘कशासाठी घ्यावीशी वाटते?’ हा प्रश्न अधिक उपयोगी असतो. सर्वांदेखत दप्तर तपासणे, नाव पुकारणे, दाखला हाती देणे यांनी मूल शाळेपासून तुटते आणि शाळेपासून तुटलेले मूल अधिक धोक्यात असते. मात्र पूर्ण गुप्ततेचे वचनही देऊ नये. पालकांना सांगावे लागेल तर ते कसे सांगायचे, हे मुलासोबत बसून ठरवावे. जो रोज दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेत असेल त्याला ‘आजपासून बंद कर’ असे सांगणे धोक्याचे आहे, कारण एकदम थांबवल्याने फिट येऊ शकते; तेथे डॉक्टरच हवेत. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग, व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी चोवीस तास चालणारी टेलि-मानस १४४१६ आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हे क्रमांक सूचनाफलकावर लावावेतच, शिवाय ते स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही चिकटवावेत, कारण सूचनाफलकासमोर उभे राहून क्रमांक उतरवून घेण्याचे धाडस फार थोड्या मुलांना होते. जीव नकोसा झाल्याचे बोलणाऱ्या मुलाला त्या दिवशी एकटे घरी पाठवू नये.

जानेवारीत, पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात, अर्धा तास काढून तीच चिठ्ठी पुन्हा लिहून घ्यावी आणि या खेपेस खाली एक ओळ वाढवावी : गेल्या महिन्यात ताण आला तेव्हा काय केले. ज्या उपायांचा उल्लेख एकाही चिठ्ठीत नसेल ते पुढच्या वर्षीच्या टाचणातून सरळ काढून टाकावेत, आणि मुलांनी स्वतः शोधलेले उपाय त्या जागी घालावेत.